आखाडा बाळापूरचा निवांत गोल्फ

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन माणूस येतो. ती कशी जळाली ते सांगतो, मग शेजारच्याची कशी जळाली होती तेही सांगतो. मोटार दुरुस्त होऊन विहिरीवर परत जाते, किस्सा मात्र दुकानातच राहतो. इतक्या वर्षांत एवढे साचलेत की एक काढायला जावं तर त्याच्या शेपटाला धरून तीन बाहेर येतात. पण परवा सहज आठवायला बसलो तर लक्षात आलं, आमच्याकडे सगळ्यात जास्त किस्से मोटारींचे नाहीतच. गोल्फचे आहेत.

हसू नका. आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. इथं गोल्फचं मैदान नाही, आणि उद्या कुणी केलंच तर लोक त्यात सोयाबीन पेरतील. आमचा गोल्फ मोबाइलवरचा, ऑनलाइन. आणि मी छाती फुगवून सांगतो, जगात आमच्याइतका हळू गोल्फ कुणी खेळत नसेल.

आम्ही चौघं. मी गजू. माझ्या भिंतीला भिंत लागून रशीदभाईंचं सीट कव्हरचं दुकान, ट्रॅक्टरच्या नि मोटारसायकलच्या सीटा शिवायचं. दुसऱ्या बाजूला शोभाताईंची खानावळ. आणि चौथा माधव. तो मोंढ्यात, बाजार समितीच्या आवारात, हळदीचं बीट बोलतो, म्हणजे लिलाव पुकारतो. त्याचं 'एकवार, दोनवार, तीनवार' इतकं झपाट्यात निघतं की नवीन व्यापाऱ्याला तो एकच शब्द वाटतो.

\* \* \*

सुरुवात झाली ती रशीदभाईंच्या हातापासून. त्यांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात रुसून बसला. सीट शिवणाऱ्या माणसाचा उजवा हात म्हणजे कात्री. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आणि तसंच राहिलं.

नांदेडच्या व्यायामवाल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना काम द्या, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करा. रबरी चेंडू दाबायला दिला होता. रशीदभाईंनी तो दोन-चार दिवस दाबला आणि शेजारच्या लेकराला देऊन टाकला. मग त्यांच्या लेकीनं, नसरीननं, जी उर्दू शाळेत शिकवते, त्यांच्या फोनमध्ये हे गेम टाकून दिलं. बोट चेंडूवर ठेवायचं, मागं ओढायचं, नेम धरायचा, सोडायचं. लांब झेंड्यापाशी एक खड्डा असतो, गोट्यांची गल असते तसा. चेंडू त्यात गेला पाहिजे. तिला वाटलं, यात मारामारी नाही, पळापळ नाही, अब्बांना जमेल.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. एका खेळात चौघं असतात, आणि प्रत्येकाच्या पाळीला वेळ लावलेली असते. आपली पाळी आली की आपल्या फोटोभोवती एक कडं फिरायला लागतं. हिरवं, पिवळं, लाल, खलास. वेळेत मारलं नाही तर फटका वाया गेला असं धरतात, आणि पाळी पुढच्याला.

रशीदभाईंचं बोट चेंडूवर पोचेपर्यंत कडं लाल व्हायचं. पहिल्या दिवशी ते अनोळखी तिघांसोबत सगळे खड्डे खेळले, आणि त्यांच्या चेंडूला एकदाही हात लागला नाही. मारून मारून थकला असं समजून गेमच त्यांना पुढच्या खड्ड्यावर नेऊन ठेवायचं. बाकीच्यांनी लिहून लिहून काय काय म्हटलं ते इंग्रजीत होतं, म्हणून बरं.

संध्याकाळी मी विचारलं, कसं झालं?

"चौघांत तिसरा आलो," ते म्हणाले.

एकाचं नेट गेलं होतं.

\* \* \*

दुसऱ्या दिवशी ते ज्या रूममध्ये जातील तिथून त्यांना बाहेर काढायला लागले. गेममध्ये तशी सोय असते. हळू खेळणाऱ्याला बाकीचे मिळून काढू शकतात. रशीदभाईंनी फोन उलटा करून ठेवला. मी शेजारी बसलो होतो, मला ते बघवलं नाही.

शोभाताईंनी विचारलं, आपली स्वतःची रूम काढता येत नाही का? येत होती. रूम ज्याची, वेळ त्याची. वेळ किती ठेवायची त्या जागी 'मर्यादा नाही' असंही एक बटण होतं. ते बहुतेक आमच्यासाठीच ठेवलेलं असावं, कारण दुसरं कुणी ते दाबलेलं मी अजून पाहिलं नाही. आम्ही तिघांनीही गेम घेतलं, रूमला नाव दिलं 'निवांत', आणि दुपारी लाइट गेली की दुकानांपुढच्या लिंबाखालच्या बाकावर चौघं खेळायला लागलो.

सगळ्यात जास्त हाल माधवचे. ज्या माणसाचा धंदाच लोकांना विचार करू न देण्याचा, त्याला रशीदभाईंच्या एका फटक्याची वाट बघत बसायचं. बोट चेंडूपर्यंत यायचं, थरथरायचं, घसरायचं, पुन्हा निघायचं.  एकदा मधेच माधवला मोंढ्यातून बोलावणं आलं. तो गेला, हळदीची एक ढेरी, म्हणजे ढीग, पुकारली, तोलाईवाल्याशी भांडला, चहा घेऊन परत आला आणि फोनमध्ये डोकावला.

"रशीदभाई," तो म्हणाला, "मी हळद इकून आलो, तुमचा चेंडू तिथंच हाय."

"हळद पिकायला किती महिने लागतात रे?" रशीदभाईंनी मान वर न करता विचारलं.

त्यानंतर माधवनं घाई केल्याचं मला आठवत नाही. निदान आमच्या बाकावर.

\* \* \*

रूम उघडी होती, त्यामुळे बाहेरचेही कधी कधी प्रेक्षक म्हणून यायचे. आले की थोडा वेळ बघायचे आणि पळून जायचे. एक मात्र टिकला. त्यानं नाव 'कॅप्टन' असं लावलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मराठीतच लिहिलं, इथं कुणी जिवंत आहे का?

माधवनं उत्तर टाकलं, "जिवंत आहेत, निवांत आहेत."

हे कॅप्टन पुण्याचे निघाले, नोकरीतून निवृत्त, आणि खरा गोल्फ खेळणारे. खऱ्या मैदानावर, गवतावर, काठ्यांची पिशवी घेऊन. त्यांनी सांगितलं की तिथंही हळू खेळणं वाईट समजतात. एक माणूसच नेमलेला असतो. तो गाडीत बसून येतो आणि मागचे लोक खोळंबलेत, पाय उचला, असं सांगून जातो. शोभाताईंना हे फार लागलं. एवढं मोठं रान, एवढी हिरवळ, आणि तिथंही माणसाला उभं राहू देत नाहीत म्हणजे काय, असं त्या दिवसभर म्हणत होत्या.

मग कॅप्टननी विचारलं, तुम्ही कुठल्या कोर्सवर खेळता? माधवनं विचार केला नाही. आमच्या भागातल्या नदीचं नाव लिहून टाकलं: कयाधू.

दोन दिवस कॅप्टन गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. त्यांनी नकाशावर शोधलं होतं, चार ओळखीच्यांना विचारलं होतं, कुणालाच पत्ता नव्हता. फारच खासगी क्लब दिसतो, बाहेरच्याला मेंबर होता येईल का?

मी तो मेसेज वाचून दाखवला. शोभाताई तव्यापाशी होत्या.

"होऊ द्या की," त्या म्हणाल्या. "एक ताट जास्तीचं."

कॅप्टन अजून येतात, रविवारी दुपारी. क्लबचं खरं काय ते त्यांना कधीच कळलंय. तरी लिहिताना 'आपला कयाधू क्लब' असंच लिहितात.

\* \* \*

असे बरेच दिवस गेले. मग एकदा रशीदभाई बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "गजू, टाइम लाव."

मी म्हटलं, काहून? घाई कुणाला आहे?

"घाई न्हाई. पण तुमी थांबून राहिले म्हणून ह्यो हात बी थांबून राहिला. त्याला कळाया पाहिजे ना, मागं कोणीतरी लागलंय म्हणून."

मी मिनिटाची वेळ लावली. मन होत नव्हतं, पण लावली. पहिल्या दिवशी त्यांच्या जवळजवळ सगळ्या पाळ्या वाया गेल्या. कडं पिवळं झालं की त्यांची नजर तिकडं जायची. नजर गेली की बोट ताठ व्हायचं, आणि ताठ झालेलं बोट काही केल्या पुढं सरकायचं नाही. कपाळावर घाम. मी म्हटलं, राहू द्या, पुन्हा मर्यादा नाही करतो. त्यांनी मान हलवली.

तेव्हा माधव उठला आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. "कड्याकडं बघू नका," तो म्हणाला. "माझ्याकडं कान द्या. मी पुकारतो. तीनवारच्या आत सोडायचं, बराबर?"

आणि त्यानं पुकारलं. सगळ्या मोंढ्यात ज्याच्याइतकं जलद कुणी बोलत नाही, त्या माधवनं 'एकवार' असं म्हटलं की जणू तो शब्द खाली ठेवल्यावर फुटेल. मग थांबला. रशीदभाईंचं बोट चेंडूवर आलं. 'दोनवार' त्यानं त्याहून लांबवलं. बोट मागं ओढलं गेलं, थरथरलं, पण सुटलं नाही. माधवनं तीनवारचा 'ती' ओठावर आणला आणि तसाच धरून ठेवला.

चेंडू सुटला. सरळ गेला, उंच गेला, आणि तळ्यात पडला.

आम्ही रशीदभाईंच्या तोंडाकडं बघायला लागलो. ते पाण्यातल्या वर्तुळांकडं बघत होते. "गेला तर सही," ते म्हणाले. एवढं खुश मी त्यांना नसरीनच्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

पुढं रोज तसंच. माधव पुकारायचा, ते सोडायचे. आता गंमत अशी की जिभेला सवय लागते. एका सकाळी मोंढ्यात हळदीची ढेरी पुकारताना माधवचं 'दोनवार' तसंच लांबलं. एवढा वेळ मिळाला की दोन व्यापाऱ्यांना विचार करायला सवड झाली. दोघांनी विचार केला आणि भाव चढला. पुढच्या ढेरीला पुन्हा तेच. ज्याची हळद होती तो शेतकरी आधी गोंधळला, मग हरखला. मोंढ्यातल्या बाकी शेतकऱ्यांना वास लागला, आणि प्रत्येक जण म्हणायला लागला, माझी ढेरी माधवलाच पुकारू द्या.

शेवटी एका व्यापाऱ्यानं त्याला बाजूला घेतलं.

"माधवा, तू बीट बोलून राहिला का भजन म्हणून राहिला?"

\* \* \*

शोभाताईंचा किस्सा सांगू का नको असं मला वाटत होतं. त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, सांगा की, त्यात लाजायचं काय.

वेळ लावायला लागल्यापासून त्यांची अडचण व्हायची. दुपारी खानावळीत गर्दी, हात पिठात, आणि डाळीच्या डब्याला टेकवलेला फोन घंटी वाजवायचा. त्या दिवशी तसंच झालं. बाकड्यावर ट्रकवाले जेवत होते. त्यातल्या एका वयस्कर ड्रायव्हरनं भाकरी मागितली, आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

"थांबा दादा," शोभाताई म्हणाल्या, "माझी पाळी आली."

खानावळ एकदम गार. ज्याच्या तोंडात घास होता त्याचा तोंडातच राहिला. त्या ड्रायव्हरनं नजर ताटात घातली, ताट बोटभर मागं सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, मग ताई, आजच्या दिवस भाकरीला दुसरं कोणी न्हाई का?

शोभाताईंना आधी कळलंच नाही. त्यांची बोटं पिठानं भरलेली, कडं पिवळं झालेलं. त्यांनी बोट दुमडलं, पेरानं चेंडू मागं ओढला आणि सोडला. झेंड्यापाशी जाऊन पडला. मग त्या वळल्या, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

फोन दाखवला असता तर तिथंच हशा होऊन मिटलं असतं. त्यांनी दाखवला नाही. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "दादा, ती आली तरी भाकरी मीच करते, न्हाई आली तरी मीच करते. दोन्ही टाइमाला गोलच येती. वाढू का?"

त्यानं मुकाट्यानं ताट पुढं केलं. वर एक मागून घेतली.

नंतर माधवनं सुचवलं, आपण पाळीच्या ऐवजी 'नंबर' म्हणत जाऊ. शोभाताईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो विषय तिथंच संपला. आमच्या रूममध्ये पाळीला पाळीच म्हणतात.

\* \* \*

रशीदभाईंच्या भाचीचं लग्न वाशिमला होतं. मीही सोबत निघालो. हिंगोलीहून काळी-पिवळी जीप मिळाली, माणसं भरलेली. माधव आणि शोभाताई बाळापुरातून खेळत होते, आम्ही जीपमधून. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं नेट जायला-यायला लागलं, आणि नेमकी रशीदभाईंची पाळी आली. चेंडू खड्ड्यापासून वीतभर. जीप हिंदकळत होती. त्यांनी फोन डाव्या हातात धरला, उजवं बोट पुढं केलं, आणि कडं फिरायला लागलं.

मागच्या सीटवर एक म्हातारी बाई होती. तिनं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. फिरणारं कडं, पिवळं झालेलं, थरथरणारं बोट. तिला जे समजायचं ते समजलं.

"ओटीपी हाय वाटतं," ती म्हणाली. "गाडी थांबवा रे. संपत असतोय त्यो."

तुम्हाला सांगतो, त्या जीपमध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याचा ओटीपी कधी संपला नसेल. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. नुसती घेतली नाही, इंजिन बंद केलं. कुणीतरी रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन गप्प केलं. आपण श्वास घेतला तर आकडे पुसले जातील अशा बेतानं सगळे बसले. मी तोंड उघडून सांगणार होतो, पण त्या शांततेत माझी हिंमत झाली नाही.

रशीदभाईंनी सोडलं. चेंडू घरंगळत गेला, कडेवर थांबला आणि आत पडला. त्यांनी श्वास सोडला. सगळ्या जीपनं सोडला.

"गेला का?" बाईनं विचारलं.

आमचे रशीदभाई खोटं बोलत नाहीत. "गेला," ते म्हणाले. "खड्ड्यात गेला."

बाई फार हळहळली. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऑनलाइनचं असंच हाय बाबा. माझा बी मागल्या बारी तिथंच गेला."

\* \* \*

एक छोटासाच आहे, पण सांगतो.

एका दुपारी आम्ही तिघंच खेळत होतो. रशीदभाई बाकावर आले नव्हते. मी दुकानात कॉइल भरत होतो, फोन बाजूला. मधेच भिंतीपलीकडून आवाज आला. कर्र, कर्र. मग थांबला. मग पुन्हा, कर्र.

रेक्झिन कापताना कात्रीचा जो आवाज होतो, तो मी त्या भिंतीतून अर्धं आयुष्य ऐकलाय. मधे तो बंद पडला तेव्हा मला तो ऐकू येत होता हे पहिल्यांदा कळलं होतं.

मी हातातली तार खाली ठेवली. बाहेर आलो तर शोभाताई खानावळीच्या दारात उभ्या. माधव बाकावरून उठून उभा. कुणी आत डोकावलं नाही.  उभं राहून नुसतं ऐकलं. फोनांवर कडी फिरत होती. माझी पाळी गेली, माधवची गेली, शोभाताईंची गेली. निवांत रूमच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या फेरीत तिघांनी मिळून एकही फटका मारला नाही.

कापलेलं रेक्झिन वाकडं होतं. त्याची जी सीट झाली ती मी हट्टानं माझ्याच गाडीवर बसवून घेतली. गॅरेजवाला म्हणतो, गजूभाऊ, शिवण तिरपी गेली तुमची. मी म्हणतो, तुझ्या गाडीवर आहे का अशी?

\* \* \*

आणि हा गेल्या हिवाळ्यातला.

रशीदभाईंचा हात आता बराच आला होता. पहिल्यासारखा नाही, पण सीट शिवतात, सही करतात, आणि वीस सेकंदांत फटका मारतात. गेममध्ये वीस सेकंदांच्या रूम म्हणजे घाईवाल्यांच्या. तिथं दोघंच असतात, समोरासमोर. रशीदभाईंना तिथं खेळायची हौस आली. म्हणाले, एकदा बघू तर, आपण कुठं बसतो.

दुपारची वेळ. लाइट गेलेली. ते बाकावर मधे बसले, मी नि माधव दोन बाजूंना, शोभाताई मागं उभ्या. समोरच्या खेळाडूचं नाव आमच्यापैकी कुणाला वाचता येईना, अक्षरंच निराळी होती. नावापुढचा झेंडा कुठल्या देशाचा तेही कळेना.

रशीदभाईंनी पहिला फटका मारला. झकास गेला. मग समोरच्याची पाळी आली. कडं फिरलं. हिरवं, पिवळं, लाल, खलास. चेंडू हलला नाही.

रशीदभाईंनी दुसरा मारला, झेंड्याजवळ आला. समोरच्याची पाळी पुन्हा तशीच गेली. माधव खुश झाला. म्हणाला, झोपला वाटतं, आता आरामात घ्या. तिसऱ्या फटक्याला रशीदभाईंनी खड्डा घेतला. पलीकडं चेंडू होता तिथंच होता.

पुढचा खड्डा. पहिली पाळी समोरच्याची होती. ती गेली. आता रशीदभाईंची आली.

त्यांनी फोन गुडघ्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

कडं फिरायला लागलं. मला वाटलं, हात भरून आला असेल. मी म्हटलं, रशीदभाई, मारू का मी? आणि बोट पुढं केलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. कडं लाल झालं आणि संपलं. फटका वाया.

समोरच्याची पाळी. गेली. रशीदभाईंची पाळी. ते रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत बसले. गेली. असं चाललं. दोघांचे चेंडू सुरुवातीच्या रेघेवर शेजारी शेजारी, आणि कडं एकदा इकडं फिरतंय, एकदा तिकडं. कंटाळून गेमनं दोघांना उचलून पुढच्या खड्ड्यावर ठेवलं. तिथंही तेच. शोभाताई मागून पुढं आल्या आणि बाकाच्या टोकाला खाली बसल्या. 

माधवला राहवेना. जिंकलेला डाव डोळ्यांसमोर चालला होता. "रशीदभाई, अशा किती पाळ्या घालवून राहिले तुमी?"

"त्यो मारेपर्यंत."

पुन्हा समोरच्याचं कडं फिरायला लागलं. हिरवं गेलं, पिवळं गेलं, लाल झालं. अगदी संपता संपता पलीकडचा चेंडू हलला. हातभर गेला असेल. तोही वाकडा, रेघ सोडून गवतात.



रशीदभाईंनी फोन उचलला, काच कुर्त्याला पुसली आणि बोट चेंडूवर ठेवलं.

"आता न्हाई सोडत याला," ते म्हणाले.